पेशंट म्हणतो ‘कसंतरी होतंय’, तेव्हा: वॉर्डात नव्याने लागलेल्या नर्सेससाठी

रात्री दीड वाजता पेशंट हाक मारतो, “सिस्टर, कसंतरी होतंय.” दुखतंय का? नाही. मळमळतंय? तसं नाही. दम लागतोय? “नाही हो, कसंतरीच होतंय.” बीपी बघावं तर बरं असतं. मग आपण “झोपा, सकाळी राउंडला डॉक्टरांना सांगू” म्हणतो आणि पुढच्या बेडकडे वळतो. मीही असं केलेलं आहे. पंचवीस वर्षांच्या नोकरीतले जे प्रसंग अजून झोप मोडतात, त्यांतले बरेचसे असेच सुरू झाले होते.

गंमत म्हणजे हे ‘कसंतरी’ आपल्यालाही होतं. चार्ट ठीक असतो, पण पेशंटकडे बघून मनात काहीतरी खटकतं. ते खटकणं म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. शेकडो पेशंट बघितलेल्या डोळ्यांनी काहीतरी टिपलेलं असतं, फक्त त्याला अजून शब्द मिळालेला नसतो. त्याचं पुढे काय करायचं, एवढंच मी इथे सांगणार आहे. जीएनएम किंवा बीएस्सी करून मुंबईत नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. कुणी पालिकेच्या हॉस्पिटलात असेल, जिथे बेड भरले की खाली गाद्या पडतात. कुणी उपनगरातल्या वीस बेडच्या नर्सिंग होममध्ये असेल, जिथे रात्री एक आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर), एक सिस्टर आणि एक मावशी असा संसार असतो. नियम दोन्हीकडे तेच, फक्त अडचणी वेगळ्या.

ओव्हर बेडपाशीच घ्या

जाणाऱ्या सिस्टरला कसारा नाहीतर विरार गाठायचं असतं, त्यामुळे ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटांची माहिती सोपवणं, टेबलावरच उरकायचा मोह होतो: “एक ते दहा स्टेबल, अकराला ताप होता, बाराचा डिस्चार्ज आहे.” हे चालवून घेऊ नका. ‘स्टेबल’ हा वॉर्डातला सगळ्यात फसवा शब्द आहे. तो कुणी, किती वाजता आणि काय बघून म्हटला, हे त्यात कुठेच नसतं.

दोघींनी मिळून बेडवरून फिरा. चाळीस बेडला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, लागू द्या. पेशंटचा चेहरा बघा, हाक मारून ओ देतो का बघा. सलाईन कुठलं चाललंय आणि सुईची जागा सुजली आहे का, ते बोट लावून बघा. युरिन बॅगेत किती आहे ते वाकून बघा. ऑक्सिजनचा फ्लोमीटर आणि कागदावरचा आकडा जुळतोय का बघा. ॲलर्जी विचारा. कुठले रिपोर्ट यायचे आहेत, कुणासाठी रक्त मागवलंय, हे विचारा.

आणि शेवटी एक प्रश्न, जो मला माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरांनी शिकवला. त्या मल्याळी होत्या, पण कोळणीसारखं खणखणीत मराठी बोलायच्या. त्या विचारायच्या, “यातल्या कुणाची तुला काळजी वाटते गं?” या प्रश्नाला मिळालेलं उत्तर कुठल्याही चार्टवर नसतं. जिचा पाय दारात आहे, तीसुद्धा थांबून म्हणते, “सतरा नंबर जरा बघ हं, दुपारपासून गप्प आहे.” मग रात्रीची पहिली फेरी सतरा नंबरपासून सुरू करायची.

नार्कोटिकच्या कपाटातली मोजणी आणि इमर्जन्सी ट्रे याच वेळी. लॅरिंगोस्कोपचा बल्ब लागतो का, सक्शन ओढतं का, सिलिंडरची चावी जागेवर आहे का, हे लावून, ओढून, हात घालून बघायचं. रजिस्टरमधली टिकमार्क बघून समाधान मानायचं नाही.

श्वास मोजा, खरोखर मोजा

कुठल्याही वॉर्डातले जुने टीपीआर चार्ट (ताप, पल्स आणि श्वास यांचे) काढून बघा. सगळ्यांचा श्वास १८ किंवा २०. न्यूमोनियाचा पेशंट १८, हार्ट फेल्युअरचा २०, पित्ताशय काढलेली बाई पुन्हा १८. मनगट धरायचं, पल्स मोजायची आणि श्वासाच्या रकान्यात सवयीने आकडा टाकायचा, असं चालतं. पण तब्येत ढासळायला लागली की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो. बीपी मागाहून पडतं, तरुण पेशंटमध्ये तर फारच उशिरा.

म्हणून पूर्ण एक मिनिट मोजा. “मी श्वास मोजते” असं पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मनगट धरूनच ठेवा आणि छातीकडे बघा.

मोजलेल्या आकड्यांना अर्थ यावा म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक स्कोअर काढला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. त्याला न्यूज-२ म्हणतात. श्वास, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप, एवढ्यांना गुण द्यायचे. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला २, २५ किंवा जास्त असेल तर सरळ ३. पल्स ९१ ते ११० ला १, १११ ते १३० ला २. वरचं बीपी १०१ ते ११० ला १, ९१ ते १०० ला २, ९० किंवा खाली ३. पेशंट नव्याने गोंधळून बोलायला लागला तर तिथेच ३. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. ७ झाली की धावपळ, म्हणजे आयसीयूची भाषा. एकाच रकान्यात ३ आले तरी गप्प बसायचं नाही. तुमच्या हॉस्पिटलात हा तक्ता नसला तर छापून घ्या आणि औषधाच्या ट्रॉलीवर चिकटवा. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना तो लावू नका, त्यांचे तक्ते वेगळे असतात.

पण स्कोअर म्हणजे सर्वज्ञ नव्हे. त्याची हद्द कुठे संपते, हे मला एका पावसाळ्यात कळलं.

बेड चौदा

ऑगस्टचा महिना, मेडिसिनचा वॉर्ड. मुंबईत त्या दिवसांत वॉर्ड कसा असतो ते वेगळं सांगायला नको: डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, आणि प्रत्येक नातेवाइकाच्या हातात पपईच्या पानांचा रस. चौदा नंबरला चोवीस वर्षांचा मुलगा, डेंग्यू, आजाराचा पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला होता. आई खूश होती, तिने मला पेढासुद्धा दिला.

डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ धोक्याची असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं आणि आतलं रक्त घट्ट होत जातं. सगळ्यांचं लक्ष मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर.

रात्री अकराला त्याचं बीपी ११०/८४, पल्स १०८, श्वास २०. स्कोअर आला २. तक्ता म्हणाला, काही नाही. दीड वाजता चादर बदलताना मावशी म्हणाल्या, “सिस्टर, ह्याचे पाय बर्फासारखे लागतायत.” मी गेले तर तो म्हणाला, “कसंतरी होतंय.” बीपी १००/८४, पल्स ११८, श्वास २२. नखावर दाब देऊन सोडलं तर लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त लागत होती. युरिन संध्याकाळी सातनंतर झालेली नव्हती. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली तरी व्हायला हवी.

‘शंभर आहे ना बीपी, मग ठीक आहे,’ असं म्हणणारे पुष्कळ. पण वरच्यातून खालचा वजा करा. अकरा वाजता फरक २६ होता, दीड वाजता १६. डेंग्यूत हा फरक २० किंवा त्याखाली आला तर तो शॉक समजायचा, वरचा आकडा कितीही सभ्य दिसला तरी. न्यूज-२ मध्ये खालच्या बीपीला जागाच नाही, त्यामुळे अकरा वाजता तो गप्प बसला. मीही गप्प बसले. ११०/८४ मध्ये आवळत चाललेला फरक तेव्हाच दिसायला हवा होता आणि चार तासांऐवजी तासाने बीपी बघायला हवं होतं. मावशींनी पायाला हात लावला म्हणून वेळ वाचली.

रात्रीचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, आला होता, ४८. सकाळी ४० होता, म्हणजे २० टक्के वाढ. रक्त घट्ट होतंय याचा हा पुरावा हातात होता, आणि रिपोर्ट रिपोर्टांच्या गठ्ठ्यात पडून होता.

फोन कसा करायचा

इथेच आपण सगळ्यात जास्त कच्चे असतो. हाउसमन (वॉर्डातला कनिष्ठ डॉक्टर) छत्तीस तास जागा आहे, त्याच्या वरचा रजिस्ट्रार ओरडतो, आपण नवीन. मग आपण असा फोन करतो: “सर, सॉरी हं सर, चौदा नंबर जरा बरा वाटत नाहीये, बीपी शंभर आहे.” पलीकडून उत्तर येतं, “शंभर आहे ना? ऑब्झर्व्ह करा.” त्या उत्तरात डॉक्टरची चूक अर्धीच असते. आपण त्याला काही दिलंच नाही.

अमेरिकेच्या नौदलात अणुपाणबुड्यांवर निरोप देण्याची एक रीत होती, तीच पुढे हॉस्पिटलांनी उचलली. तिला एसबार म्हणतात: काय चाललंय, मागचा इतिहास काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. माझा त्या रात्रीचा फोन असा होता:

“सर, मेडिसिन वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड चौदा शॉकमध्ये जातोय असं मला वाटतंय. चोवीस वर्षांचा मुलगा, डेंग्यू, पाचवा दिवस, ताप संध्याकाळी उतरला. आत्ता बीपी शंभर-चौऱ्याऐंशी, अकराला एकशेदहा-चौऱ्याऐंशी होतं. पल्स एकशेअठरा, हातपाय गार, सातपासून युरिन नाही. पीसीव्ही चाळीसवरून अठ्ठेचाळीस. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत फ्लुइड कुठलं आणि किती रेटने लावू?”

चाळीस सेकंद लागतात. फोन करण्याआधी केसपेपर, ट्रीटमेंट शीट आणि शेवटचे रिपोर्ट हातात घ्या. ‘मला वाटतं’ म्हणायला घाबरू नका. निदान करणं डॉक्टरचं काम हे खरं, पण काळजी वाटते हे सांगणं तुमचं कामच आहे. आणि शेवटी ‘काय करू’ असं मोघम विचारू नका, नेमकं काय हवंय ते मागा.

फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, हो म्हणवून घ्या. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकसारखे ऐकू येतात, म्हणून “एक-पाच” असं सुटं म्हणा. डॉक्टर आले की त्यावर सही घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डरही कागदावर उतरवून सही घ्यायची. तुमच्या फोनमधला स्क्रीनशॉट म्हणजे पेशंटचा रेकॉर्ड नव्हे.

फोन उचलला नाही किंवा कुणी आलंच नाही तर? किती वेळ थांबायचं हे आधीच ठरवून ठेवा. असा पेशंट असेल तर मी दहा मिनिटं थांबते. मग रजिस्ट्रार, मग लेक्चरर किंवा ऑन-कॉल कन्सल्टंट, आणि सोबतच रात्रीच्या सुपरवायझर सिस्टर. वरच्याला फोन करण्याआधी खालच्याला सांगा, “सर, तुम्ही अडकला असाल तर मी रजिस्ट्रारना कळवते.” बहुतेकदा या वाक्यावरच माणूस जिना चढायला लागतो. नर्सिंग होममध्ये कन्सल्टंटला रात्री उठवलं म्हणून मालक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

चौदा नंबरचे रजिस्ट्रार पंधरा मिनिटांत आले, फ्लुइड सुरू झालं, मुलगा आयसीयूत गेला. चार वाजता बीपी १०८/७६. आई विचारत होती, “प्लेटलेट कधी चढवणार?” प्लेटलेट ६२,००० होत्या आणि कुठून रक्त येत नव्हतं, चढवायची गरजच नव्हती. त्याला पाणी हवं होतं, तेही मोजून.

औषध देताना

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच ‘राइट’ सगळ्यांना पाठ असतात. तरी चुका होतात, कारण चुका औषधाच्या बाटलीत आणि रात्रीच्या घाईत दबा धरून बसलेल्या असतात. तीन ठिकाणं सांगते.

पहिलं इन्सुलिन. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेली व्हायल मिळते आणि १०० युनिटवालीही. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० वाली लाल टोपीची, १०० वाली केशरी टोपीची. नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून १०० वालं इन्सुलिन आणतात आणि वॉर्डात सिरिंज असते लाल टोपीची. तुम्ही त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरता. ते होतं अर्धा मिली, आणि १०० वाल्या इन्सुलिनच्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. वीसच्या जागी पन्नास, म्हणजे अडीच पट. पहाटे चारला पेशंट घामाने भिजलेला सापडतो. व्हायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही मोठ्याने म्हणा, आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवल्याशिवाय टोचू नका.

दुसरं पोटॅशियम क्लोराईड. दहा मिलीच्या ॲम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं आणि ते दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलसारखंच. अँटिबायोटिक विरघळवायला अंधारात चुकीचं उचललं आणि शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. हे औषध कधीही सरळ शिरेत देत नाहीत, नेहमी सलाईनमध्ये पातळ करून हळूहळू जायला हवं. तुमच्या वॉर्डात ते साध्या ट्रेमध्ये ठेवलेलं असेल तर आजच उचला, वेगळ्या डब्यात लाल लेबल लावून कुलपात ठेवा. परवानगीसाठी चार दिवस थांबू नका.

तिसरं हिपॅरिन, रक्त गोठू न देणारं औषध. एका मिलीत १,००० युनिटची व्हायल असते आणि ५,००० ची पण. डोळे मिटत असताना त्या शून्यांच्या गर्दीत फरक दिसत नाही.

बाकी सवयी थोडक्यात. औषध भरताना कुणाशी बोलायचं नाही. नातेवाईक हाक मारत आला तर “दोन मिनिटं” म्हणायचं आणि मान वर करायची नाही. लेबल नसलेली भरलेली सिरिंज दिसली तर ती कुणाचीही असो, फेकून द्यायची. ‘युनिट’साठी काढलेलं इंग्रजी अक्षर शून्यासारखं दिसतं, म्हणून ऑर्डरमध्ये पूर्ण शब्द लिहून मागा. आणि डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधण्यापेक्षा विचारा. त्याला राग आला तर येऊ दे.

रक्त चढवताना दोघींनी बेडपाशी बॅग, फॉर्म आणि पेशंटचं नाव ताडायचं. रक्तपेढीतून आल्यावर अर्ध्या तासात सुरू करायचं आणि चार तासांत संपवायचं. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ उभं राहायचं. थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, छातीत दडपलं, की आधी बॅग बंद, मग नवीन सेट लावून सलाईन, मग फोन. पाठीचे फोड, पडणं, हात धुणं याबद्दल इतकं शिकवलेलं असतं की मी वेगळं सांगत नाही. फक्त एवढंच: दोन तासांनी कूस बदलायचं काम मामा-मावशींवर सोपवलं, तरी पाठीवर डोळा तुमचाच हवा.

सही म्हणजे संमती नव्हे

संध्याकाळी हाउसमन फॉर्मचा गठ्ठा देऊन जातो, “सिस्टर, उद्याच्या ऑपरेशनच्या सह्या घेऊन ठेवा.” नाही घ्यायच्या. काय करणार, धोके काय, दुसरा मार्ग कोणता, हे जो प्रोसिजर करणार त्याच्या बाजूने डॉक्टरने सांगायचं असतं. आपण साक्षीदार. “सर, तुम्ही सांगा, मी उभी राहते,” एवढं म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. म्हणजे फॉर्मवर कोणत्या प्रोसिजरचं नाव आहे, तेही वाचून घ्यायचं.

पेशंट फक्त भोजपुरी बोलत असेल तर वॉर्डात ती भाषा येणारा कुणीतरी सापडतोच, ही मुंबई आहे. पण आईच्या गर्भाशयाबद्दल दहा वर्षांच्या मुलीकडून भाषांतर करून घेऊ नका. आणि सज्ञान बाईच्या गर्भपातासाठी कायद्याने तिची एकटीची संमती पुरते. “नवऱ्याची सही आणा” म्हणून तिला परत पाठवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

मग येतो कॉरिडॉरमधला मुलगा: “सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका, ते खचतील.” हा प्रेमापोटीच बोलतो, त्याला झिडकारू नका. पण खोटं बोलण्याचं वचनही देऊ नका. मी म्हणते, “मी होऊन विषय काढणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही.” बाबांनी विचारलंच तर उलट विचारायचं, “तुम्हाला काय वाटतंय? तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” कित्येकांना सगळं आधीच माहीत असतं, मुलगा खचेल म्हणून तेच गप्प असतात. जे बोलणं झालं ते डॉक्टरना सांगा आणि घरच्यांसोबत एकत्र बसायची वेळ ठरवा. निदान सांगण्याचं काम मात्र डॉक्टरचंच.

एचआयव्हीबद्दल एकच. बेडवर, फाइलच्या वर, कपड्यांच्या गाठोड्यावर कुठेही लिहायचं नाही. २०१७ च्या कायद्याने पेशंटच्या संमतीशिवाय ही माहिती फोडायला बंदी आहे. ग्लोव्हज सगळ्यांसाठी घालायचे, त्यामुळे खूण करायची गरजच उरत नाही. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, तोंडात घालू नका आणि लगेच कळवा. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटच्या दिवसांची. परळच्या केईएममध्ये अरुणा शानबाग नावाच्या तरुण नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षं, तिथल्या सिस्टरांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. तिचं अन्न थांबवावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्याच निकालात, काही अटींवर जीवनरक्षक उपचार थांबवण्याला वाटही करून दिली. २०१८ मध्ये घटनापीठाने लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सीपीआर न देण्याबद्दल आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वंही २०२० मध्ये आली.

आपल्यासाठी याचा अर्थ असा, की असा निर्णय कागदावर सहीनिशी असेल तरच तो निर्णय. राउंड संपताना कुणी कानात कुजबुजलं, “सिस्टर, बाराला काही झालं तर फार धावू नका,” तर लगेच म्हणा, “सर, तसं लिहून द्या.” लिहिलं नाही तर पूर्ण सीपीआर. दाखवण्यापुरतं छातीवर हात ठेवणं हा पेशंटचाही अपमान आणि घरच्यांची फसवणूक. आणि लिहून दिलेलं असलं, तरी तोंड पुसणं, कूस बदलणं, वेदनेचं औषध यांतलं काहीही थांबत नाही.

चूक झाली तर

माझी सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष, एका मोठ्या हॉस्पिटलातला पुरुषांचा वॉर्ड, त्यात दोन कदम. मी अमिकासिन हे अँटिबायोटिक भरून गेले आणि विचारलं, “कदम ना तुम्ही?” ते “हो” म्हणाले. होतेच ते कदम. पण औषध दुसऱ्या कदमांचं होतं, आणि या कदमांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) आधीच वाढलेलं होतं. अमिकासिन किडनीला त्रास देतं. ट्रॉलीवर परत येऊन ट्रीटमेंट शीट बघितली तेव्हा पायांतलं बळ गेलं.

पाच मिनिटं मी काहीच केलं नाही. ती पाच मिनिटं मला आजही पुसता आलेली नाहीत. मग इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर रजिस्ट्रारना फोन लावला. पुढचा डोस कुणाला जाणार नाही हे बघितलं, तीन दिवस क्रिएटिनिन आणि युरिन मोजलं. कदमांना डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, “असू दे पोरी.” किडनीला काही झालं नाही.

मला मात्र मेमो मिळाला, सगळ्या वॉर्डसमोर. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या वर्षभरात त्या वॉर्डात एकाही चुकीची नोंद नाही. चुका थांबल्या नव्हत्या, फक्त सांगणं थांबलं होतं. आज इन्चार्ज म्हणून कुणी माझ्याकडे चूक घेऊन आली की मी आधी विचारते, “पेशंट कसा आहे?” आणि मग, “तुला चुकायला सोपं कशामुळे गेलं?” एकाच आडनावाचे पेशंट शेजारी ठेवले होते, हे कळलं तर बेड बदलता येतात. दटावून कदमांची आडनावं बदलत नाहीत.

त्या दिवसापासून मी कुणालाही “तुम्ही अमुक ना?” असं विचारत नाही. “तुमचं पूर्ण नाव सांगा,” आणि मग मनगटावरचा पट्टा किंवा केसपेपरचा नंबर. ऐकू न येणारा माणूस आणि घाबरलेला माणूस, दोघंही कशालाही “हो” म्हणतात.

नोंद

जे केलं ते, केलं त्या वेळेसह. ‘डॉक्टरना कळवले’ एवढं पुरत नाही. ‘१:४० ला मेडिसिन रजिस्ट्रारना फोन, बीपी १००/८४ कळवले, १:५५ ला आले’ असं लिहा. सहाचे टीपीआर चारला भरून ठेवू नका. मी एकदा पाच वाजता गेलेल्या पेशंटचं सहाचं बीपी लिहिलेलं पाहिलंय, आणि ते १२०/८० होतं. चुकीचं लिहिलं तर एक रेघ मारून सही करा, व्हाइटनर नको. ‘पेशंट कटकट करतो’ असं लिहू नका, ‘दर अर्ध्या तासाने पोट दुखतं म्हणून हाक मारतो’ असं लिहा. पहिल्या वाक्याने सकाळचा डॉक्टर हसतो, दुसऱ्याने पोट तपासतो.

सकाळी निघण्याआधी लॉकरपाशी खिसे उलटे करा. मी एकदा ठाण्याला उतरले आणि खिशात नार्कोटिकच्या कपाटाची किल्ली सापडली. तशीच उलट्या गाडीने परत, आणि वॉर्डात एक ऑपरेशन झालेला पेशंट वेदनेच्या इंजेक्शनसाठी तासभर थांबलेला. किल्लीशिवाय खिशात हमखास सापडते ती ओव्हरची चिठ्ठी, बेड नंबर, नाव आणि आजार लिहिलेली. ती लोकलच्या सीटवर राहता कामा नये. वॉर्डातच बारीक फाडून टाका.